सगळं घर घेऊन या

पराते मॅडमच्या पर्सला एक नेलकटर लटकलेलं असायचं. पेशंट समोरच्या स्टुलावर बसला की त्या चट्टा बघायच्या आधी त्याच्या हाताची नखं बघायच्या. वाढलेली असली की त्याचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि बोलता बोलता नखं कापायला लागायच्या. माणूस ओशाळून हात मागे ओढायचा.

"डाक्टरीनबाई, तुमी काहून कापता? मी घरी कापतो न."

"घरी जाईपर्यंत तू खाजवशील. आण इकडं. कधीपासून खाजवून राहिला?"

एका हाताची नखं होईपर्यंत माणूस जरा सैल पडायचा. दुसऱ्या हाताची होईपर्यंत, जे बायकोलाही सांगितलं नसेल ते सांगून मोकळा व्हायचा. जांघेत आहे, मागच्या उन्हाळ्यापासून आहे, चारचौघांत उभं राहायची लाज वाटते, हात आपोआप तिकडेच जातो. मॅडम मान हलवत ऐकायच्या. मग गजकर्ण बघायच्या, मलम लिहून द्यायच्या आणि तो उठायला लागला की म्हणायच्या, "पुढच्या वेळेस एकटा नको येऊ. सगळं घर घेऊन ये."

मी नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. सत्तर सालाच्या आसपास माझी बदली त्वचारोगाच्या ओपीडीत झाली, तेव्हा मैत्रिणींनी मला विचारलं, "काय गुन्हा केला गं तू?" ती ओपीडी इमारतीच्या अगदी टोकाला, धोबीखान्याच्या पलीकडे होती. मॅडमच्या आधी तिथे जे डॉक्टर होते ते पेन्सिलीच्या टोकानं चट्टा दाखवायचे आणि मग ती पेन्सिल स्पिरिटनं पुसायचे. माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांची रीतच तशी होती.

आम्ही नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतले. छप्पन्न साली दीक्षेच्या वेळी आईचा पदर धरून मी त्या गर्दीत उभी होते. धम्म घेतला, देव्हारा गेला, घरातलं बरंच काही बदललं. पण कोण कुणाला हात लावतं आणि कोण लावत नाही, हे बघायची माझ्या डोळ्यांना लहानपणी लागलेली सवय मात्र गेली नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी मॅडमकडे बघत नव्हते, त्यांच्या हातांकडे बघत होते. सकाळपासून दुपारपर्यंत त्या हातांनी एकदाही पेन्सिल उचलली नाही. चट्ट्याच्या कडेवरून त्या बोट फिरवायच्या, कड उंच आहे का, मधला भाग मोकळा होतोय का ते बघायच्या, नळावर जाऊन साबणानं हात धुवायच्या आणि पुढच्याला हाक मारायच्या.

दिसायला त्या ठेंगण्या, सावळ्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. आवाज इतका चढा की धोबीखान्यातली माणसं त्यांची नक्कल करत. लग्न केलं नव्हतं. नेसायच्या कायम हातमागाच्या सुती साड्या, कारण त्या मूळच्या कोष्ट्यांच्या घरच्या. वडील मागावर बसायचे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणणाऱ्या माणसाच्या मांड्या घामानं कशा भिजलेल्या राहतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. डबा सावजी पद्धतीचा असायचा. एकदा त्यांनी मला आग्रहानं मटणाचा रस्सा दिला आणि माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

इतर डॉक्टरांशी त्या इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत बोलायच्या. पेशंट आला की जीभ आपोआप वळायची. "काहून गा, मलम काहून सोडलं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न, आणि "खाज गेली न बाई" हे रोजचं उत्तर. यावर त्या चिडायच्या. खाज आधी जाते, बुरशी मागून जाते, चट्टा दिसेनासा झाल्यावरही मलम लावत राहायचं असतं, हे सांगून त्यांचा घसा बसायचा.

मग त्यांनी सांगणं कमी केलं आणि दाखवायला सुरुवात केली. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्यानं खरवडून काचेवर घ्यायच्या, वर औषधाचा थेंब टाकायच्या, काच जरा गरम करायच्या आणि पेशंटलाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगायच्या. उमरेडकडचा एक विणकर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हे तं सूत दिसून राहिलं! कोण्या येड्यानं ताणा लावला आन् तसाच सोडला." मॅडमना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून प्रत्येकाला त्या हेच सांगायला लागल्या. "बघ, तुझ्या कातड्यात कोणीतरी माग लावला आहे. वरून पुसून काय होते? सारा ताणा काढा लागते."

चिडणं म्हणाल तर एका गोष्टीवरचा त्यांचा राग मात्र खरा होता. बाजारात तेव्हा स्टिरॉइडच्या लहान लहान ट्यूब मिळायला लागल्या होत्या. लावली की खाज बंद, लाली बंद. लोक शेजाऱ्यापाजाऱ्याला त्या ट्यूबची नावं सांगायचे. महिन्यांनी तेच लोक आमच्याकडे यायचे, तेव्हा चट्टा कमरेवरून पाठीवर गेलेला असायचा आणि त्याला ना कड ना आकार. ओळखूच यायचा नाही. मॅडम ती ट्यूब मागून घ्यायच्या आणि पेशंटदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. त्या वेळी चेहरा असा व्हायचा की कुणाची काही बोलायची छाती होत नसे.

त्यांनाही एकदा कोणीतरी गप्प केलं, ते सांगायला पाहिजे. एक मोलकरीण होती, कमरेभोवती पट्ट्यासारखं गजकर्ण. साडीची गाठ घट्ट, दिवसभर भांडी-धुणी, ती गाठ सतत ओली. मॅडम नेहमीसारखं म्हणाल्या, "रोज लुगडं बदलजो. ओलं अंगावर वाळू देऊ नको. काढलेलं उकळत्या पाण्यात टाकजो."

ती शांतपणे म्हणाली, "बदलाले दुसरं पाह्यजे न बाई."

 त्या दिवशी उरलेल्या कुठल्याच बाईला त्यांनी कपडे बदलायला सांगितलं नाही.

त्यांचे थोरले भाऊ, वासुदेवराव, मागावरून उठून व्यापारात गेले होते. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. मॅडम त्यांच्याकडेच राहायच्या. त्या मोलकरणीनंतरच्या सोमवारी मॅडम रिक्षातून एक गाठोडं घेऊन आल्या. ताग्यांच्या शेवटी उरणारे तुकडे, डाग पडलेलं मांजरपाट, फिकी पडलेली लुगडी. "भावाकडून आणलं. तो नाही म्हणत होता, मी ऐकलं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करायला लावला. पुढे ते गाठोडं दर सोमवारी यायला लागलं. ज्या बाईकडे बदलायला नसेल तिला मलमासोबत कापड मिळायचं. मॅडम ते तिच्या हातात असं कोंबायच्या की आभार मानायला वेळच राहू नये.

रामटेककडच्या एका खेड्यातून एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली होती. धानाच्या बांधीत दिवसभर चिखलात उभं राहून सुनेच्या पायावर, मांड्यांवर, मग पोटावर गजकर्ण पसरलं होतं. गावात कोणीतरी बिब्बा लावायला सांगितलं. बिब्ब्याच्या तेलानं पोटाचं कातडं जळून फोड आले होते आणि ते फुटून चिघळले होते. पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. लुगडं पोटाला टेकू नये म्हणून वाकून चालत होती.

मी मनातून म्हातारीवर भडकले होते. मॅडमनी विचारलं, "कोणं लावला?"

"म्याच लावला," म्हातारी म्हणाली. "मले वाटलं, पोरीले आराम पडन. मी रातभर तिच्यापाशी बसली बाई. ते वरडत होती आन् मी म्हनत होती, जराशी कळ काढ."

मला वाटलं, आता मॅडमचा आवाज चढणार. त्यांनी स्टूल पुढे ओढून म्हातारीला बसवलं. आधी जखमेचं ड्रेसिंग मला शिकवावं तसं तिला शिकवलं. मग म्हणाल्या, "हे रोज तुम्हीच करा लागन मावशी. सिस्टर तुमच्या गावाले नाही येत. तुमचा हात हलका आहे, मी बघितलं." जखम भरल्यावर गोळ्या सुरू केल्या, आणि त्या तेला-तुपाच्या घासासोबत घ्यायच्या म्हणजे अंगी लागतात, असं सांगितलं. म्हातारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पथ्य नाही? वांगं बंद नाही? वरून सुनेले तूप?"

"तूप नसन तं जवसाच्या चटणीवर तेल घ्या चांगलं. पण तिच्या ताटात घ्या, नाही तं गोळ्या तिच्या आन् तेल तुमच्या पोटात."

म्हातारी पहिल्यांदा हसली. पुढच्या खेपेला ती सूनच नव्हे, मुलगा, सुनेचे दीर-जाऊ, कडेवरचं लेकरू असे सगळे घेऊन आली आणि दारातून ओरडली, "आणलं बाई सारं घर! कुत्रं तेवढं राह्यलं."

"त्याच्या अंगावरचे केस गेले का?" मॅडमनी गंभीरपणे विचारलं. "गेले असतील तं त्यालेबी आणजा."

आणखी एक दिवस मला विसरता येत नाही. एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या गळ्यावर गोल चट्टा उठला. सासरच्यांच्या कानावर कोणीतरी घातलं की हा महारोग आहे. मुलीचे वडील तिला घेऊन आले आणि सोबत होणारी सासूही आली, स्वतःच्या कानांनी ऐकायला. ती पदर नाकाला लावून दाराशीच उभी राहिली. मुलगी जमिनीकडे बघत होती.

"मॅडम, खरं ते सांगा," सासू म्हणाली. "आम्ही फसून नाही घेणार."

"मी सांगत नाही. तुम्हीच बघा," असं म्हणून मॅडमनी कापसाची एक बारीक वात पिळून तिच्या हातात दिली. "महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. पोरी, डोळे मिट. जिथं कापूस लागेल तिथं बोट ठेव. लावा मावशी."

बाईला नको म्हणता येईना. तिनं लांबूनच हात पुढे करून चट्ट्याच्या कडेला कापूस टेकवला. मुलीचं बोट अचूक तिथं आलं. दुसरीकडे टेकवला, बोट तिथं. मधोमध टेकवला आणि मुलगी खुदकन हसली. "गुदगुल्या होतात!" एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास त्या हसण्याबरोबर सुटला आणि मग तिला रडूच आलं. सासूच्या हातातला कापूस कधी पडला ते तिला कळलं नाही. तिचं बोट मुलीच्या गळ्यावर तसंच टेकलेलं होतं.

"गजकर्ण आहे," मॅडम म्हणाल्या. "मलमानं जाईल. आणि महारोग असता तरी त्यालाही औषध आहे, हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा. ज्यानं तुमच्या कानात घातलं त्यालाही."

ते लग्न झालं. पेढे आमच्या टोकाच्या ओपीडीपर्यंत आले.

दुसऱ्यांच्या घरातले असले गुंते त्या बोटांनी सोडवायच्या. त्यांच्या स्वतःच्या घराचं मात्र मला बरीच वर्षं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस त्या लांब बाह्यांचं पोलकं घालून आल्या. भर मे महिना. सगळे गेल्यावर त्यांनी बाही वर केली. कोपराच्या खाली लालसर कडेचं गोल चक्र. "खरवडा," म्हणाल्या. मी खरवडलं, काच तयार केली, त्यांनी बघितलं. "निघालं सिस्टर. आता मी पेशंट."

मी सहज म्हणून गेले, "मग सगळं घर घेऊन या."

त्या हसल्या नाहीत. बाही खाली करून त्यांनी बटण लावलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला आणि त्या कामावर आल्या नाहीत. मी विचारपूस करायला गांधीबागेत गेले. दुकानातून वर जायचा जिना होता, मी निघाले तशी वहिनी वरून म्हणाल्या, "बाईंची खोली मागून आहे." पण मी पाहुणी म्हणून त्यांनी मला आधी आत बसवलं. स्टीलच्या चकचकीत कपात चहा दिला. मग म्हणाल्या, "त्यांनाही देते," आणि मला घेऊन मागच्या जिन्यानं खाली उतरल्या. मॅडम एका लहान खोलीत पडल्या होत्या. वेगळा माठ, वेगळं ताट, आंघोळीला मागची मोरी. दवाखान्यातून आल्यावर त्या पुढच्या दारानं कधीच घरात जात नसत, हे मला तेव्हा कळलं. हे चट्ट्यामुळे सुरू झालं नव्हतं. ही बरीच जुनी व्यवस्था होती. चट्ट्यानं फक्त आणखी एक दार बंद केलं होतं. मॅडमनी कानतुटका मग पुढे धरला आणि वहिनींनी किटली उंच धरून वरून चहा ओतला, मगाला लागू न देता.

तसं ओतणं मी ओळखत होते. माझ्या आजीला त्याच बाजारात असंच पाणी मिळायचं. आणि आज मला आत बसवून कपात चहा मिळाला होता.

ओतताना वहिनींचा दुसरा हात पदराखाली कमरेवर फिरत होता. त्या खाजवत होत्या; त्यांचं त्यांनाही कळत नसावं. त्या वर गेल्यावर मी मॅडमकडे बघितलं.

"दिसलं तुम्हाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हिवाळ्यापासून आहे तिला. लेकरांच्याही अंगावर असेल. माझं सगळं वेगळं, पण टॉवेल मात्र सगळ्यांचे एकाच दोरीवर वाळतात, मला तिथूनच आलं असणार."

"मग सांगत का नाही? त्यांना वाटतं तुम्ही दवाखान्यातून आणलं!"

"मी सांगितलं तर ती कायमची लपवेल. तिनं स्वतः यायला पाहिजे." मगातला चहा संपवून म्हणाल्या, "इतक्या लोकांची घरं आणली सिस्टर. आपलं आणता येत नाही."

पंधरवड्यानंतर वासुदेवरावांनी बहिणीला सांगितलं की तू काही दिवस दुसरीकडे खोली बघ. बाजारात बोलणं सुरू झालं होतं, की यांच्या दुकानातलं कापड खाजऱ्या लोकांना जातं, घरातही तेच आहे, मग ताग्यांचं काय सांगता येतं. त्यांचंही चूक म्हणवत नाही. मागाच्या खड्ड्यातून निघून त्या बाजारात उभं राहायला त्यांची उमर गेली होती. गाठोडं बंद झालं, आणि मॅडम ट्रंक घेऊन खोली शोधायला लागल्या.

आमच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी भीत भीत सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी येऊन बघितल्या. माझी आई तोंडानं फटकळ. तिनं दारातच विचारलं, "हे बौद्धाईची वस्ती हाय. तुमच्या लोकाईले चालन का बाई?"

"माझ्या लोकाईनंच तं धाडलं न मावशी," मॅडम म्हणाल्या.

 आईनं आत जाऊन ताट वाढलं आणि त्या आमच्या ओट्यावर बसून जेवल्या. हाताचं गजकर्ण दीड-दोन महिन्यांत गेलं. पण त्या गेल्या नाहीत. सकाळी नळावर रांगेत उभं राहताना त्यांच्या चढ्या आवाजाला आता वस्तीतल्या बायका उत्तर द्यायला लागल्या. वाळत घातलेले टॉवेल त्या दोरीवरून जाता जाता उलटे करून जायच्या, आणि आई मागून ओरडायची, "डाक्टरीनबाई, आमचे टॉवेल आमाले वाळवू द्या वं!"

दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन सायकलरिक्षा थांबल्या. एकीतून वहिनी उतरल्या, दुसरीतून दोन मुली आणि मुलगा. वासुदेवराव मागून पायी आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. वहिनी खूप वाळल्या होत्या. त्या मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई," एवढंच म्हणाल्या, "आता पाठीवर गेलं."

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि आतल्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळानं वहिनी डोळे पुसत बाहेर आल्या. मग एकेक करून मुलं. दोन्ही मुलींच्या अंगावर होतं. मॅडमनी कुणालाही एका शब्दानं विचारलं नाही, की इतके दिवस का नाही सांगितलं. शेवटी त्या दाराशी गेल्या.

"भाऊ, तूबी ये."

"मले काही नाही झालं."

"भाऊ."

वासुदेवराव चप्पल काढून आत आले. ते बाहेर आले तेव्हा आईनं सगळ्यांसाठी चहा केला होता. तिनं कप पुढे केला आणि मुद्दाम धरून ठेवला. वासुदेवरावांनी कप घेतला. पहिला घोट घ्यायला त्यांना वेळ लागला, पण घेतला. मग म्हणाले, "साखर बराबर आहे." आईचं समाधान झालं.

जाताना ते बहिणीला म्हणाले, "आता चाल घरी."

"येईन न. दिवाळी-राखीले येईन," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या दारानं येईन." त्यात टोमणा नव्हता. वासुदेवरावांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

सोमवारी गाठोडं पुन्हा यायला लागलं. आता ते वहिनी स्वतः बांधायच्या, आणि त्यात तुकड्यांबरोबर कधी कधी नवं, घडी न मोडलेलं लुगडंही निघायचं.

मॅडम रिटायर होईपर्यंत आमच्या शेजारीच राहिल्या. रिटायर झाल्यावरही स्वस्थ बसल्या नाहीत. रामटेककडच्या त्या म्हातारीच्या मुलानं आपल्या घराची ओसरी दिली होती. तिथे त्या दर आठवड्याला एसटीनं जाऊन बसायच्या. पुढे वहिनी एकट्या पडल्या तेव्हा त्यांच्या सोबतीला म्हणून त्या गांधीबागेत परत गेल्या, आणि आमच्या भेटी कमी झाल्या. त्या गेल्याचं मला वहिनींनीच कळवलं. दोन दिवसांच्या आजारात गेल्या, फार त्रास झाला नाही म्हणाल्या.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी एका नात्यातल्या लग्नासाठी रामटेकला गेले होते आणि दुपारी परतीच्या गाडीसाठी स्टँडवर आले. फलाटाच्या टोकाच्या बाकावर कोणीतरी ओळखीचं दिसलं. जवळ जाऊन बघते तर मॅडम. मांडीवर पिशवी, पिशवीतून संत्री डोकावत होती, चप्पल पायातून निघून पडलेली, आणि त्या बसल्या जागी गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, लहान मुलांचे असतात तसे.

उठवावं, बोलावं असं फार वाटलं. त्या म्हातारीच्या गावची गाडी कधी आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारून आले. तिला अजून अवकाश होता. तेवढ्यात ऊन सरकून त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि कपाळावर आठी पडली. मी पुढे सरकून उभी राहिले, माझी सावली त्यांच्या तोंडावर पडेल अशी. आठी गेली. मधल्या वेळात कंडक्टरनं दोनदा नागपूरची हाक दिली. मी ती गाडी सोडली, आणि त्यांची गाडी लागेपर्यंत तशीच उभी राहिले.